दिवेलागणीला निजणारा भाऊ

भाऊ गुरुवारी दुपारी वारला. तो भंडाऱ्याच्या दवाखान्यात होता आणि मी मोहाडीला शाळेत. भावजयीचा फोन आला. तिने सांगितले, मी ऐकले. वर्गातल्या एका मुलीला धडा पुढे वाचायला सांगून मी बाहेर आले, चपला घातल्या आणि बसस्टँडकडे चालू लागले.

त्यानंतरच्या दिवसांत माझ्या मनात एकच गोष्ट होती. दहाव्याला नदीवर त्याच्या नावाने जे पान मांडतील, त्यावर दारू ठेवू द्यायची नाही.

आमच्याकडची रीत अशी आहे. दहाव्या दिवशी पानावर भाताचे पिंड ठेवतात, शेजारी वडे आणि गेलेल्या माणसाला जे आवडायचे ते. कोणाची विडी, कोणाचा तंबाखू, कोणाची लाखोरीची डाळ. मग सगळे मागे सरकून कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला की माणूस सुटला. नाही शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकला आहे असे धरतात, आणि जमलेले लोक अंदाज बांधत पानावर एकेक वस्तू वाढवत जातात, एकेक वचन देत जातात. माणूस पिणारा असला तर बाटलीचे टोपण भरून पानाशेजारी ठेवण्यात कोणाला वावगे वाटत नाही. उलट न ठेवणाऱ्यालाच लोक निष्ठुर म्हणतात.

माझा भाऊ पिणारा होता. नंतर तो पिणारा राहिला नाही. गावाला यातले पहिले वाक्य पाठ होते.

आमचे घर विणकरांचे. पुढच्या खोलीत खड्डामाग आहे. जमिनीत खड्डा, त्याच्या काठावर बसायचे, पाय खाली सोडून पावड्या दाबायच्या आणि वर हातांनी धोटा इकडून तिकडे फेकायचा. वडील त्यावर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कापड विणत. त्यांच्यानंतर भाऊ बसला. तो माझ्याहून धाकटा, पण शाळा त्याने आधी सोडली. मी शिकत राहिले, मराठीची शिक्षिका झाले, लग्न केले नाही आणि याच घराच्या मागच्या खोलीत राहिले. भिंतीपलीकडे मागाची खटखट आणि अलीकडे मी पुस्तक घेऊन, अशी आमची वर्षे गेली. त्या आवाजात मी इतके वाचले आहे की आता घर शांत असले की मला दोन पानेही पुढे जाता येत नाही.

कोशाचा धागा नाजूक असतो, त्याचे काम उजेडावर चालते. उजेड गेला की माग थांबतो. दिवसभर खड्ड्यात असलेले पाय वर येतात. भावाचे पाय त्या वेळी बाहेरची वाट धरायचे. सुरुवातीला मोठेबाबा त्याला सोबत नेत. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दोन घरे सोडून राहणारे, तेही विणकरच. वडील गेल्यावर त्यांनी आम्हा दोघांवर छाया धरली हे खरे, आणि भावाच्या हातात पहिला पेला त्यांनीच दिला हेही खरे. त्यांना त्यात विरोध दिसत नव्हता. दिवसभर राबलेल्या पोराला आपण विसावा दिला असेच ते म्हणायचे.

पुढची वर्षे मी विस्ताराने लिहिणार नाही. ज्यांच्या घरात हे झाले आहे त्यांना ती माहीत आहेत. भाऊ आरडाओरड करणारा नव्हता. तो गप्प पिऊन यायचा, गप्प जेवायचा, कधी न जेवता ओट्यावरच पडायचा. मग सकाळी घेतल्याशिवाय हाताचा कंप जाईना. कोशाची तार तुटली की दोन बोटांच्या चिमटीत धरून सांधावी लागते. ते त्याला जमेना. भावजय कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळायचे, काम टाकून यायची, तार सांधायची आणि परत जायची. एका सकाळी तो धोटा मांडीवर घेऊन बराच वेळ तसाच बसून राहिला. भावजय दारात उभी होती. आत जाऊन तिने पिशवीत त्याचे दोन जोड कपडे भरले.

भंडाऱ्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात आम्ही त्याला ठेवले. आधी डॉक्टर, गोळ्या, सलाईन. कंप आणि उडालेली झोप यांवर औषधच लागते. दुपारी सगळ्यांना गोल बसवून बोलते करायचे. आणि हात जरा थांबल्यावर योग. योग शिकवायला एक मॅडम येत, पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र मोठा. पहिल्या रविवारी मी भेटायला गेले तेव्हा भाऊ म्हणाला, "बाई, इथं मले मांडी घालाले लावून राहिले."

बाई म्हणजे मी. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

"मंग घाल ना," मी म्हटले.

"जमते कोठी? सारा जनम खड्ड्यात पाय सोडून बसलो. मांडी घातली का गुडघे बोंबलते."

मॅडमना ते दिसले होते. त्यांनी त्याला मांडीतून सोडवले आणि ओट्याच्या कडेला पाय खाली सोडून बसायला सांगितले. श्वास आत, श्वास बाहेर. तर त्याचे पाय आपोआप पावड्या दाबू लागले. डावा पाय दाबला की श्वास आत, उजवा दाबला की बाहेर. मॅडम म्हणाल्या, पाय हलवू नका. हा म्हणाला, "मॅडम, पाय नाही हालवले तं श्वासच येत नाही मले." बाकीचे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मग हलू द्या. थकले की थांबतील." ते थांबायला बरेच दिवस लागले, असे त्याने मला नंतर सांगितले.

घरी आणायच्या दिवशी मी मॅडमना विचारले की योगाने दारू सुटते का. माझ्या आवाजात आशा असावी, कारण त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिले. "योगानं दारू सुटत नाही," त्या म्हणाल्या. "ती यांनी सोडली आहे आणि रोज सोडावी लागणार. गोळ्या चालू ठेवा, दर महिन्याला दाखवायला आणा. योग कशासाठी, तर ज्या वेळी ते प्यायला जायचे ती वेळ आता रिकामी पडेल. त्या वेळेचं काय करायचं, तेवढंच योग सांगतो."

म्हणून माझा भाऊ योग सकाळी करीत नसे. दिवेलागणीला करायचा.

यावरून आमच्या घरात पहिले भांडण झाले. श्वासाचा प्रकार तो मागावरच करायचा, खड्ड्यात पाय सोडून. नंतर कानांवर हात ठेवून भुंग्यासारखा आवाज काढायचा. शेजारीण भिंतीवरून ओरडायची, "काहो बाई, चक्की घेतली का नवी? आमचंही दळण टाकू का?" इथपर्यंत भावजयीने चालवून घेतले. पण शेवटी आडवे पडायचे असते, शवासन, आणि तिथे ती अडली.

"दिवा लावाच्या टायमाले घरात माणूस आडवा पडते का?" ती म्हणाली. "लक्ष्मी दारातून परत जाईन."

"इतके वर्षं मी त्याच टायमाले उभ्यानं बाहेर जात होतो," भाऊ म्हणाला, "तवा आली होती का लक्ष्मी?"

भावजय पदर तोंडाशी धरून आत गेली. हसत होती की रडत होती ते मला कळले नाही. थोड्या वेळाने आतूनच तिचा आवाज आला, "पडा मंग. पण अंगणात पडा, घरात नाही."

तेव्हापासून तो अंगणात तुळशीजवळ आडवा पडू लागला. सपाट जागा तेवढीच होती. गोणपाटावर पाठीला टोचे, म्हणून त्याने स्वतःसाठी सतरंजी विणायला घेतली. जुन्या साड्यांच्या पट्ट्या फाडून, जाड सूत ताणून. कोसा विणणारा हात, त्याला ते काम गमतीचे वाटले. आईच्या एका हिरव्या लुगड्याची पट्टी मधोमध आली आहे. ती त्याने मुद्दाम तिथे आणली की आपोआप आली, हे मी कधी विचारले नाही.

केंद्रातून एक छापील पत्रक मिळाले होते. त्यात शवासनात काय म्हणायचे ते दिले होते, आणि ते दुसऱ्याने वाचायचे होते. ते काम माझ्याकडे आले. मी पायरीवर बसून वर्गात वाचते तसे वाचले, "पायांची बोटे शिथिल करा. घोटे शिथिल करा. पोटऱ्या शिथिल करा."

भावाने एक डोळा उघडला. "बाई, असं वाचते जशी परीक्षा घेऊन राहिली. शिथिल म्हटलं का माहे पाय आणखी ताठ होते."

"मंग काय म्हणू?"

"ढिलं सोड म्हण. ताणा ढिला सोडतो तसं."

मी पत्रक बाजूला ठेवले. "पायाचे बोटं ढिले सोड," मी म्हटले. "घोटे ढिले सोड. गुडघे ढिले सोड, आता पावडी दाबाची नाही. हात ढिले सोड, धोटा खाली ठेव." आणि मी पाहिले की त्याचे तळवे खरेच उघडले. लहानपणी तापात तो असाच हात उघडे टाकून पडायचा. पन्नाशीकडे झुकलेला माझा भाऊ संध्याकाळच्या उजेडात मला सात-आठ वर्षांचा दिसला.

सगळे सुरळीत झाले असे नाही. पहिल्याच पोळ्याला बैलांच्या मिरवणुकीनंतर मोठेबाबांनी त्याला नेले आणि तो पिऊन आला. दुसऱ्या दिवशी मागावर बसला नाही. संध्याकाळी अंगणातही आला नाही. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला आणि म्हणाला की आपल्याच्यानं होत नाही, उगाच सतरंजी विणली. भावजय कांड्या भरत होती. चरखा न थांबवता ती म्हणाली, "तार तुटली तं सांधाची असते. तुम्ही काय पहिल्यांदा माग पाहून राहिले? उठा." तो लगेच उठला नाही. पण दिवा लागेपर्यंत उठला. दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन भंडाऱ्याला डॉक्टरांकडे गेली. त्यानंतर, मला माहीत आहे तोवर, तो कधी प्यायला नाही.

आता त्या संध्याकाळचे सांगते, जिच्यामुळे मला हे सगळे लिहावे लागते आहे.

मोहाडीला चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, आणि त्यांत पाणी असले की संध्याकाळी डास असे उठतात की बोलताना तोंडात जातात. भाऊ सतरंजीवर आडवा पडून डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर घ्यायचा. मी "ढिले सोड" म्हणून झाल्यावर चहा ठेवायला आत जायची. तर त्या दिवशी मी आत असताना शेजारीण आमची चाळणी परत द्यायला आली. तिला काय दिसले? अंगणात, तुळशीजवळ, जमिनीवर, पांढऱ्या चादरीखाली माणूस. चाळणी तिथेच टाकून ती "अवो मायऽऽ" करत मोठेबाबांच्या घराकडे धावली.

मी चहाचे पातेले घेऊन बाहेर आले तेव्हा मोठेबाबा फाटकातून शिरत होते. खांद्यावरचा दुपट्टा जमिनीवर लोळत होता, मागे चार-पाच माणसे. "पोरा, माह्या आधी गेला बे! माह्या आधी गेला!" म्हणत ते सतरंजीशेजारी गुडघ्यावर बसले.

भावाने हे सगळे ऐकले होते. पण शवासनातून एकदम उठायचे नाही, असे मॅडमनी बजावले होते. आधी बोटे हलवायची, मग उजव्या कुशीवर वळायचे, थोडे थांबायचे, मग उठायचे. माझा भाऊ नियमाचा पक्का. चादरीखाली पायाची बोटे हलली. शेजारीण किंचाळली. मग चादर सावकाश उजव्या कुशीवर वळली. एक माणूस फाटकाबाहेर पळाला. शेवटी भाऊ उठून बसला आणि चादर बाजूला करून म्हणाला, "काय झालं, मोठेबाबा?"

मोठेबाबांचे तोंड उघडेच राहिले. मग त्यांना राग आला. "मेला नाही तं असा कायले निजला बे?"

"शवासन करून राहिलो."

"ते काय असते?"

"मेल्यासारखं पडाचं असते."

"मेल्यासारखं पडाले शिकाले तू भंडाऱ्याले गेला होता? दोन पव्वे मारले असते तं इथंच शिकला असता!"

सगळे हसले. भाऊही हसला. पातेल्यातला चहा पुरणार नव्हता, भावजयीने दुसरा ठेवला. मोठेबाबा ओट्यावर टेकले, दुपट्ट्याने डोळे पुसत, अजून थोडे हसत आणि थोडे रडत. कप हातात घेऊन ते म्हणाले, "मी तं येता येता इचार करून राहिलो होतो, पोराच्या पानावर दहाव्याले देशी ठेवाची का मोहाची."

पुन्हा हशा झाला. या वेळी भाऊ हसला नाही.

लोक गेल्यावर तो सतरंजी गुंडाळत म्हणाला, "बाई, ते मजाकीत नाही बोलले."

"जाऊ दे ना. तसंच बोलते ते."

"ठेवतीन ते. तू ठेवू देजो नको."

"येडा झाला का? मी मोठी आहे. आधी मी जाईन."

"तुह्या पानावर पुस्तक ठेवीन," तो म्हणाला. "माह्या पानावर ते नको. इथं मी रोज संध्याकाळी नाही म्हणतो, बाई. तिथं नाही म्हणाले मी राहणार नाही."

मी हो म्हटले. मग चाळणी मिळाली एवढे सांगायला तो शेजारी गेला. तिथे तिची पुन्हा काय घाबरगुंडी उडाली ते त्याने नंतर जेवताना नक्कल करून दाखवले.

पुढची काही वर्षे आमच्या घराची सर्वांत चांगली वर्षे होती. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. माग चालायचा, उजेड जायचा, भुंगा घुमायचा, मी पायरीवर बसायची. कधी वाचत असलेल्या पुस्तकातले काही सांगायची, तो डोळे मिटून ऐकायचा. मोठेबाबा येताजाता फाटकाबाहेरून हाक मारायचे, "जिवंत आहेस ना बे?" आणि भाऊ चादरीखालून हात वर करायचा.

दारू त्याने सोडली होती, पण यकृताला ते कळायला उशीर झाला होता. डोळे पिवळे झाले, पोट फुगले, पाय सुजले. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितले. ते त्यालाही माहीत होते. दवाखान्यात त्याला बसता येत नव्हते, भुंग्याचा आवाज काढायला दम नव्हता. शाळा सुटल्यावर मी बसने जायची आणि पोचेपर्यंत दिवेलागण व्हायची. खाटेशी बसून म्हणायची, "पायाचे बोटं ढिले सोड." सुजलेली ती बोटे, काय ढिली होणार. शेवटच्या रविवारी मी गुडघ्यांवरून चुकून थेट हातांवर गेले. तो डोळे न उघडता म्हणाला, "कंबर राहिली, बाई." मी मागे गेले आणि कंबर म्हटली.

तो वारल्यावर जो तो हेच म्हणाला की दारूने नेले. ते खोटे नव्हते. पण जे म्हणत होते ते जणू काल-परवापर्यंत तो पीत होता असे म्हणत होते. मी प्रत्येकाला सांगायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

दहाव्याला आम्ही वैनगंगेवर गेलो. विधी करणाऱ्या महाराजांनी पान मांडले. भात, वडे, अळशीची चटणी, आणि भावजयीने आणलेले फुटाणे. दारू सोडल्यावर संध्याकाळी त्याच्या खिशात फुटाणे असायचे. आम्ही मागे सरकलो. पलीकडच्या अर्जुनाच्या झाडावर कावळे होते. एक खाली आला, पानाभोवती दोनदा उड्या मारल्या आणि परत गेला.

वेळ गेला. ऊन चढले. कोणीतरी म्हणाले, कोणाच्या मनात काही असेल तर बोला. भावजय पुढे होऊन म्हणाली, "माग मोडणार नाही मी." कावळा आला नाही. मी म्हटले, "हिले एकटी सोडणार नाही." कावळा आला नाही. मागे कुजबुज सुरू झाली. ती कशाची आहे हे मला वळून न पाहता कळत होते.

मग मोठेबाबा पुढे आले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पव्वा काढला. "सरका," ते म्हणाले. "त्याले काय पायजे ते मले माहीत आहे."

"मोठेबाबा, नको," मी म्हटले.

"काहून?"

"त्यानं सोडली होती."

"जिवंत होता तवा सोडली होती, पोरी. मेल्यावर काय सोडाचं न् काय धराचं? जीव अडकला आहे त्याचा. पाहून नाही राहिली का तू?"

"त्यानं मले सांगतलं होतं. ठेवू देजो नको म्हणून."

"थो बोलला असन. माणूस बोलते." आणि मग खालच्या आवाजात, "मीच पाजली होती त्याले पहिली. माह्याच हातानं सुटू दे."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मी भावजयीकडे पाहिले. ती पानाकडे पाहत होती. "ठेवू द्या, बाई," ती म्हणाली. "अडकून राहण्यापरीस..." त्या क्षणी मी एकटी होते. माझ्यामागे सगळा समाज, आणि समाज वाईट नव्हता. सगळे त्याच्या सुटकेसाठीच उभे होते.

मी पानाजवळ जाऊन बसले. मला त्याचे बोलणे आठवले, तिथं नाही म्हणाले मी राहणार नाही. मी मोठेबाबांचा पव्वा धरलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हटले, "रोज तुम्ही विचारत होते, जिवंत आहेस ना बे. रोज तो हात वर करत होता. तवा एका तरी दिवशी त्याच्या तोंडाले वास आला का तुम्हाले? त्या पोळ्यानंतर एका तरी दिवशी?"

त्यांनी पव्व्याकडे पाहिले. मग म्हणाले, "नाही."

"हे साऱ्यांले ऐकू येईन असं सांगा. मंग पायजे तं ठेवा."

मोठेबाबा वळले. दुपट्ट्याने तोंड पुसले. "पोरगं पीत नव्हतं," ते म्हणाले. आवाज चिरका निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले, "माहं पोरगं पीत नव्हतं. मी पाहिलं आहे." आणि पव्वा परत खिशात घातला.

कावळा तरीही आला नाही. महाराजांनी आणखी थोडी वाट पाहिली, मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. शास्त्रात त्याची सोय आहे. पानावर भात होता, वडे होते, चटणी होती, फुटाणे होते. आम्ही नदीत हात-पाय धुऊन निघालो. तिथून निघताना मागे वळून पाहायचे नसते, त्यामुळे नंतर कावळा आला की नाही मला माहीत नाही.

भावजय कांड्या भरते आता, दुसऱ्यांच्या मागांसाठी. आमच्या मागावर अर्धे कापड ताणलेले आहे. ते तिने काढले नाही, मीही काढा म्हटले नाही. मोठेबाबा अजून पितात. पण कधीकधी दिवेलागणीला गुत्त्याकडे जाण्याआधी फाटकातून आत येतात आणि पायरीवर माझ्या शेजारी बसतात. काही दिवशी इथून उठून तिकडे जातात, काही दिवशी घरी जातात.

सतरंजी माझ्याकडे आहे. संध्याकाळी मी ती तुळशीजवळ टाकते, तिच्यावर पडते, आणि पायांच्या बोटांपासून सुरुवात करते. कंबर विसरत नाही.